मुठीचा डबा

मित्रांनो, डबा म्हटलं की तुम्हाला शाळेच्या मधल्या सुट्टीत उघडतात तो डबा आठवेल. मी तो नव्हे. मी पत्र्याचा आहे, वयानं बराच जुना आहे आणि एका बाजूला चेपलोय. उंब्रजला नाथाजींच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. घरातले मला मुठीचा डबा म्हणतात. तसं का म्हणतात ते सांगतो आणि अलीकडं आमच्या घरात जे झालं तेही सांगतो. ते सांगताना मला फार आनंद होतो, म्हणून थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म दोनदा झाला. आधी मी गोडेतेलाचा मोठा डबा होतो. तेल संपलं तसं दुकानदारानं मला कोपऱ्यात टाकलं. मग कराडच्या बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिरानं मला कापलं, ठोकलं, कडा आत वळवल्या, तळ जोडला आणि झाकणाला एक छान कडी बसवली. ठोकताना दुखलं. पण संध्याकाळी त्यानं मला पुसून दुकानाच्या पायरीवर मांडलं, तेव्हा माझ्यात रस्त्यावरचे दिवे दिसत होते. मी इतका चकचकीत होतो.

मला विकत घेतलं ते विजयमालानं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. तिनं मला बोटानं वाजवून बघितलं, झाकणाची कडी धरून लटकवून बघितलं, हलवून बघितलं. शेजारी तिचा नवरा उभा होता. तो म्हणाला, "अगं, डबाच हाय, किती बघशील?"

"नवरा काय बघून घेता आला न्हाई," विजयमाला म्हणाली, "डबा तरी बघून घिऊ द्या."

नवरा म्हणजे नाथाजी. कारागीर हसला आणि नाथाजी त्याच्यापेक्षा जास्त हसले. मला वाटलं, हे घर चांगलं दिसतंय.

नाथाजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेस्त्री होते. त्यांचं खरं नाव नथानेल. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी तेच ठेवलं. पण वर्कशॉपमधल्या मित्रांच्या जिभेला ते वळेना. नथानेलचा नाथा झाला आणि वय वाढलं तसा नाथाचा नाथाजी झाला. आता आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा त्यांना नाथाजीकाका म्हणतात.

आमच्या चर्चमधल्या बायकांची एक जुनी रीत आहे. रोज भात टाकताना तांदूळ मोजून घ्यायचे आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. ती मूठ घरची नव्हे, गरिबाची. रविवारी सगळ्याजणी आपापला डबा घेऊन चर्चला जातात. डबे एका पोत्यात रिकामे होतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग ज्यांची वाटायची पाळी असेल त्या बायका पिशव्या भरून ते तांदूळ गरजूंना देऊन येतात.

विजयमाला मूठ टाकताना डोळे मिटायची आणि म्हणायची, "प्रभू, ज्याला न्हाई त्याला पोचव." भाताला आधण आलेलं असायचं, त्यामुळं प्रार्थना तेवढीच. पण ती एकदाही चुकली नाही. ताप असला तरी नाही, भांडण झालं तरी नाही. भांडण झालं की उलट मूठ मोठी यायची. लेक अंकिता चालायला लागली तेव्हा तीही हात घालायला धावायची. तिच्या मुठीतले निम्मे तांदूळ जमिनीवर सांडायचे आणि कोंबड्यांचा सण व्हायचा.

दर शनिवारी विजयमाला मला राखेनं घासायची. रविवारी टेबलावर सगळ्या डब्यांत मी उठून दिसायचो. बायका म्हणायच्या, "माले, तुझा डबा म्हणजे आरसाच गं!" मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

अशी खूप वर्षं गेली. अंकिता पुण्याला नोकरीला लागली, नाथाजी निवृत्त झाले. मग एका उन्हाळ्यात विजयमाला आजारी पडली. दुखणं थोडक्यात आटपलं. माणसं घरात आली, रडली, गेली. मी फळीवर होतो, मला नीटसं काही कळलं नाही. एवढंच कळलं की दुपार झाली आणि आधण ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही ठेवलं नाही.

नाथाजी खानावळीत जेवायला लागले. घरी फक्त चहा. रोज चहा उकळेपर्यंत ते माझ्यासमोर उभे राहायचे. कधी माझ्या झाकणावर हात ठेवायचे, पण उघडायचे नाहीत. आत विजयमालाच्या हातचे शेवटचे तांदूळ होते. चर्चकडून पाळकसाहेबांच्या पत्नी उत्कर्षाताई आल्या. हळूच म्हणाल्या, "काका, डबा मी घेऊन जाऊ का? तांदूळ खराब होतील."

"त्याला हात लावू नका," नाथाजी म्हणाले. असं ते कुणाशी बोलत नसत. उत्कर्षाताई चहा पिऊन गेल्या.

पावसाळा गेला, थंडी गेली, मला धूळ चढली. तळाशी गंज धरायला लागला. आणि व्हायचं तेच झालं, तांदळात किडे झाले. एका सकाळी एक किडा झाकणाखालून बाहेर आला आणि फळीवरून चालत नाथाजींच्या कपाकडं निघाला. नाथाजी त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मला खाली काढलं, गच्चीवर नेलं, जुन्या लुगड्यावर ते तांदूळ पसरले आणि उन्हात बसून सगळे निवडले. निवडताना ते रडले. रडत होते, तरी निवडत होते. संध्याकाळी त्यांनी तांदूळ परत माझ्यात भरले आणि म्हणाले, "तिनं ज्याच्यासाठी ठेवलं, त्याला देऊन येतो."

मित्रांनो, इथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

उंब्रजला हायवेच्या पुलाखाली एक म्हातारं जोडपं राहायचं. नाथाजींनी भाजी आणताना त्यांना बघितलं होतं. ते मला काखेत घेऊन तिथं गेले. पुलाच्या खांबाला पाठ लावून म्हातारा बसला होता, खोकत होता. म्हातारी गोधडी झटकत होती. तिचं नाव बनुबाई, आणि म्हाताऱ्याचं अर्जुना.

"घ्या बाई," नाथाजी म्हणाले. "तांदूळ हायत. निवडून आणल्यात."

बनुबाईनं माझ्यात डोकावून बघितलं. "बेस हाईत की. पर दादा, कच्चंच खाऊ व्हय?"

"आं?"

"चूल कुठं हाय? तीन दगडं मांडली की समोरचा टपरीवाला पाणी वततोय. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात धूर जातोय म्हनं."

नाथाजी गोंधळले. "आमच्या चर्चकडनं आधी कुणी दिलं न्हवतं का कधी?"

"दिलं हुतं की! एक बाई यायची, चष्म्याची. उंच अशी. लय मायेनं पिशवी हातात ठिवायची, अन् डोळं मिटून कायतरी म्हनायची. एवढ्या मायेच्या बाईला कसं सांगायचं? आमी त्ये तांदूळ टपरीवाल्याला द्यायचो, त्यो दोगांस्नी च्या पाजायचा."

नाथाजी खाली बसले, तिथंच मातीत. "ती माझी बायको."

"व्हय? बरेच दीस झालं, दिसली न्हाई."

"गेली ती."

बनुबाईच्या हातातली गोधडी थांबली. पुलावरून ट्रक गेले. मग नाथाजींनी विचारलं, "चहा कसा असायचा?"

"खरं सांगू? पांचट," बनुबाई म्हणाली.

आणि नाथाजी हसले. विजयमाला गेल्यानंतर मी त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. सुरुवातीला खोकल्यासारखं आलं, मग मोठं झालं, मग डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या मायेच्या मुठी आणि त्यांचा पांचट चहा झाला! विजयमालाला हे कळलं असतं तर तीही अशीच हसली असती, आणि मग त्या टपरीवाल्याला जाऊन दोन शब्द सुनावले असते.

"थांबा," नाथाजी उठले. "उद्या मी शिजवून आणतो."

नाथाजींनी आयुष्यभर इंजिनं उघडली होती, पण पातेलं कधी चढवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यातल्या तांदळाला किती पाणी घातलं हे मी फळीवरून बघत होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण डब्याला ओरडता येत नाही. पातेलं घेऊन ते पुलाखाली गेले आणि जे झालं ते घरी आल्यावर स्वतःशीच बोलत मला सांगितलं.

बनुबाईनं पातेल्यात पळी फिरवली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, बगा की. भात हाय का पतंगाची खळ?"

अर्जुनानं नाथाजींच्या हातांकडं बघितलं. नखांत मुरलेलं काळं काही निवृत्तीनंतरही गेलं नव्हतं. "मेस्त्री दिसताय. गिरीस घातलंय का काय भातात?"

"आवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या," नाथाजी म्हणाले.

"आवडत न्हाई कोन म्हनलं? गरम हाय की." आणि दोघांनी पातेलं पुसून खाल्लं. मग बनुबाई म्हणाली, "दादा, तुमच्याकडं चूल हाय, मला हात हाईत. मी येऊन शिजवते. सगळी मिळून खाऊ."

नाथाजी पातेलं घेऊन घरी आले. विजयमाला गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. अंकिता आली तरी ते बाहेरून आणून तिला खाऊ घालायचे. त्या संध्याकाळी ते दारातच उभे राहिले. तिचा पाट, तिची पळी, खुंटीवरचा तिचा चष्मा, सगळ्यांकडं त्यांनी बघून घेतलं. मग फडकं ओलं केलं आणि शेगडी पुसायला घेतली. मलाही घासलं. चांगलं जमलं नाही, पण घासलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं आली. अर्जुना उंबऱ्याबाहेरच थांबला. "मेस्त्री, आमी जोतिबाची माणसं. तुमच्या देवाला चालंल का?"

"त्याला चालतंय," नाथाजी म्हणाले. "मलाच सवय न्हाई पाव्हण्यांची. या आत."

बनुबाईनं तांदूळ घेतले, तेव्हा नाथाजींनी तिला माझ्याबद्दल सांगितलं. तिनं लगेच एक मूठ भरून माझ्यात टाकली.

"आवो, ती मूठ तुमच्यासाठीच असती," नाथाजी म्हणाले.

"मग माझ्याकडनं मला!" बनुबाई म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली.

तिघं एकाच सतरंजीवर बसली. नाथाजींनी डोळे मिटून जेवणाबद्दल देवाचे आभार मानले. एकट्यानं खानावळीत जेवताना ते मानायचे राहून गेले होते, म्हणून त्या दिवशी जरा लांबलं. अर्जुना म्हणाला, "मेस्त्री, देवबी म्हनत असंल, भात गार व्हतोय."

मग रोजच ती दोघं दुपारी यायला लागली. हळूहळू त्यांची हकिकत कळली. मूळ कवठे महांकाळच्या बाजूची माणसं. तरुणपणी कडेगावकडं आली आणि गुऱ्हाळावर राहिली. अर्जुना गुळाच्या काहिलीखाली जाळ घालायचा, बनुबाई चिपाडं वाळवायची. मूलबाळ झालं नाही. गुऱ्हाळ बंद पडलं, झोपडी मालकाच्या जागेत होती, ती मोडली. म्हातारपणी काम मिळेना. "साऱ्या मुलखाचा गूळ शिजवला ह्या माणसानं," बनुबाई म्हणायची, "अन् आता च्यापुरता जाळ न्हाई." हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. नवऱ्याला चिडवायला सांगायची.

ती दोघं दिवसभर भांडायची. मीठ जास्त, मीठ कमी, गोळी घेतली का, न्हाई घेतली, मग कवा घेणार. अर्जुनाच्या छातीचं औषध सरकारी दवाखान्यातून सुरू झालं होतं आणि बनुबाई त्या गोळ्या पदराला बांधून ठेवायची. नाथाजी ती भांडणं ऐकत बसायचे, जसं कुणी रेडिओ ऐकावा. कधीकधी मधेच उठून अंगणात जायचे आणि थोड्या वेळानं तोंड धुऊन परत यायचे.

दिवस मावळला की ती दोघं पुलाखाली परत जायची. पावसाळा जवळ येत होता आणि अर्जुनाचा खोकला रात्री वाढायचा. हीच एक काळजी सगळ्यांना होती.

आमचे पाळकसाहेब विश्वजित आवळे फार तळमळीचे आहेत. नाथाजींनी त्यांना सांगितलं, तेव्हापासून त्यांनी फोन करून, पायपीट करून जागा शोधली. एका रविवारी मी टेबलावर होतो. उपासना संपल्यावर ते उभे राहिले. आनंदानं ते जरा मोठ्यानंच बोलत होते. "मंडळी, आपली प्रार्थना ऐकली गेली. अर्जुनाबाबांना सांगलीच्या एका आश्रमात जागा मिळाली. पुरुषांचा आश्रम आहे, औषधपाण्याची सोय आहे. आणि बनुबाईंना साताऱ्याला, बायकांच्या आश्रमात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाथाजींनीही वाजवल्या. मीही खूश झालो. इतकी चांगली माणसं एकत्र आली आणि आमच्यातल्या एकाच्याही मनाला काही खटकलं नाही.

नाथाजी मला काखेत घेऊन तसेच पुलाखाली गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. छप्पर, पलंग, दोन वेळचं जेवण.

बनुबाईनं नीट ऐकून घेतलं. "दोगांस्नी एकाच ठिकाणी न्हवं?"

"न्हाई. त्यांना सांगली. तुम्हाला सातारा."

अर्जुना खाली बघायला लागला. बनुबाई म्हणाली, "सांगली अन् सातारा."

"भेटता येतं की महिन्यातनं."

"कोण आननार भेटवायला?" तिनं विचारलं, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दादा, रागावू नगा. तुमच्या बायकुला तुमी असं दुसऱ्या गावाला धाडलं असतं का, छप्पर मिळतंय म्हनून?"

नाथाजी मला या काखेतून त्या काखेत घेत राहिले. मग अर्जुनाच म्हणाला, "जाऊ गं. पावसात मी हितं मेलो तर तू काय करशील? निदान तू कोरडी ऱ्हाशील." बनुबाईनं त्याला गप बसवलं, पण जायचं ठरलं.

घरी आल्यावर नाथाजी मागच्या खोलीच्या दाराशी गेले. ती खोली एकेकाळी अंकिताची होती. आता तिच्यात विजयमालाची ट्रंक, शिलाई मशीन, तिचे कपडे होते, आणि दार बंद असायचं. त्यांनी अंकिताला फोन लावला. फोन लावला की ते ओरडून बोलतात आणि पलीकडचं बोलणं सगळ्या घराला ऐकू येतं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बाबा, आईचं सगळं त्या खोलीत आहे."

"हाय."

"आणि अनोळखी माणसं घरात ठेवायची?"

"अनोळखी कुठली? रोज माझ्या भाताला नावं ठेवत्यात."

अंकितानं विचारलं, "तुम्ही काय ठरवलंय?"

"कायच न्हाई," नाथाजी म्हणाले. ते खरं होतं. त्या रात्री त्यांनी खोलीचं दार उघडलं नाही.

जायच्या दिवशी नाथाजींनी सकाळीच आधण ठेवलं. वाटेत खायला म्हणून भात केला, आणि मित्रांनो, तो भात मोकळा झाला! एकेक शीत वेगळं. त्यांनी माझ्यात केळीचं पान घातलं, त्यावर भात आणि शेंगदाण्याची चटणी घातली, झाकण लावलं. मी आयुष्यभर कोरडे, गार तांदूळ सांभाळले होते. शिजलेल्या अन्नाची ऊब मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. माझा पत्रा आतून बाहेरून गरम झाला. मला वाटलं, मूठ टाकतात ती ह्यासाठीच की!

पुलाजवळ सांगलीला जाणारी जीप उभी होती. पाळकसाहेब होते, उत्कर्षाताई होत्या, त्या बनुबाईला दुपारच्या एसटीनं साताऱ्याला नेणार होत्या. मंडळींनी दोघांना नवे कपडे घेतले होते. अर्जुना जीपमध्ये बसला होता. बनुबाई बाहेर उभी राहून, खिडकीतून हात घालून त्याचा मफलर नीट करत होती.

"गोळी जेवल्यावर घ्यायची. आदी न्हाई."

"व्हय."

"रातचं पांघरून लाथाडू नगा."

"लाथाडलं तर तू घालतीस की परत."

"म्हनून तर सांगते," बनुबाई म्हणाली, "लाथाडू नगा."

तिनं मफलर पुन्हा सोडला आणि पुन्हा बांधला. नाथाजी मला दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांची बोटं इतकी घट्ट झाली की माझी एक बाजू आणखी चेपली. मग ते पुढं झाले आणि जीपचं दार उघडलं.

"अर्जुनादादा, उतरा."

"का वं मेस्त्री? गाडी बिघडली का काय?"

"गाडी बेस हाय. उतरा. घरी चला. दोघंबी."

कुणाला काही कळेना. पाळकसाहेब जवळ आले. "काका, नीट विचार केलाय ना?"

"न्हाई केला," नाथाजी म्हणाले. "रातभर विचारच करत हुतो, तवा जमलं न्हाई. आता विचार न करता उघडतो खोली."

पाळकसाहेबांनी जीपच्या चालकाला थांबायची खूण केली. मग म्हणाले, "काका, मी देवाकडं या दोघांसाठी जागा मागत होतो. तुमचं घर माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं स्वतःचंही आलं नाही."

"माझ्या तरी कुठं आलं? मी त्यात ऱ्हातोय, तरीबी न्हाई आलं."

पाळकसाहेबांनी जीपमधून अर्जुनाचं गाठोडं उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं. अर्जुना उतरला. बनुबाई पुढं झाली. तिनं नवऱ्याचा मफलर काढून घेतला, गुंडाळला, आणि म्हणाली, "ह्या उन्हाचं कशाला गुंडाळलंय म्हाताऱ्याला?" मग पदरात तोंड घालून रडली, आणि रडताना हसत होती. जीपच्या चालकाला माझ्यातला भात वाढला. तो म्हणाला, भात चांगला झालाय. नाथाजींनी ते त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

त्या दुपारी मागच्या खोलीचं दार उघडलं. विजयमालाची ट्रंक नाथाजींनी स्वतःच्या खोलीत नेली. तिची हिरवी साडी त्यांनी बनुबाईपुढं धरली. बनुबाई म्हणाली, "हिरवं मला दिसत न्हाई बरं." तरी दुसऱ्या दिवशी नेसली.

आता मित्रांनो, आमच्या घरात दोन वेळा आधण येतं. अर्जुनाचा खोकला पावसाळ्यात कमी झाला. तो सकाळी बंब पेटवतो आणि त्या कामात कुणाला हात लावू देत नाही. रविवारी चर्चमधल्या कुणी ना कुणी बायका आपली मूठ घेऊन थेट आमच्या अंगणात येतात. मोठं पातेलं चढतं, पुलाखालून, स्टँडवरून कुणी आलेलं असतं, आणि सगळी एका पंगतीला बसतात. पाळकसाहेब वाढतात. त्यांना वाढता येत नाही, आमटी सांडतात, पण कुणी बोलत नाही. बनुबाई सोडून.

नाताळात अंकिता आली. पहिल्या दिवशी जरा अवघडली होती. आईच्या पाटावर दुसरी बाई करंज्या लाटतेय हे बघून ती दारातच थांबली. बनुबाईनं वर बघितलं. "तू व्हय अंकिता? पुन्यात खायला घालत न्हाईत वाटतं. बस, ही कड दाब." अंकिता बसली. थोड्या वेळानं मला दोघींचं हसणं ऐकू आलं, आणि मधेच अंकिताचं रडणं, आणि मग पुन्हा हसणं.

नाथाजी अजूनही कधीकधी चहा उकळताना माझ्या झाकणावर हात ठेवून उभे राहतात. दुःख आहे, ते कुठं जाणार? पण आता मागून कुणीतरी ओरडतं, "आवं दादा, च्या उतू गेला!"

परवाची गोष्ट सांगतो. आठवडी बाजारातून बनुबाई आणि नाथाजी येत होते, मी शेंगदाणे भरून बनुबाईच्या डोक्यावर होतो. एका ओळखीच्या बाईनं विचारलं, "बनुबाई, तुमी त्या नाथाजींच्यात ऱ्हाता न्हवं आता?"

बनुबाई थांबली. मागं नाथाजी पिशव्या घेऊन उभे होते. ती म्हणाली, "आमी न्हाई त्याच्यात ऱ्हात. त्योच आमच्यात ऱ्हातोय. एकटा हुता बिचारा, घेतला मग."

नाथाजी भर बाजारात पिशव्या खाली ठेवून हसले. "खरं हाय," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, पत्रा लवकर गंजतो. त्यात रोज काहीतरी टाका. आणि ते द्यायला जाल तेव्हा हातात ठेवून लगेच परत फिरू नका. थोडं बसा. नाव विचारा, चूल आहे का विचारा, सोबत कोण आहे ते विचारा. त्यांना आपल्या घरी बोलवायची हिंमत होत असेल तर बोलवा. आणि त्यांनी तुम्हाला आपल्यात घेतलं, तर नको म्हणू नका.